चौथीच्या वर्गातील इतिहास : नाट्यीकरण आणि वाचन
(शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेत इतिहास हा विषय मुलांसमोर ठसठशीतपणे उभा राहतो तो इयत्ता चौथीत, आणि तो शिवचरित्राच्या रूपाने. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना झाली आणि १९७० पासून 'शिवछत्रपती' हे पुस्तक चौथीच्या वर्गात आले. त्यानंतर अभ्यासक्रमांच्या पुनर्रचना झाल्या, पुस्तकाला 'परिसर अभ्यास भाग दोन' हे नाव मिळाले, चित्रे व काही मजकूर बदलला. चरित्राचा कणा मात्र तोच राहिला. राज्यातील नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या कित्येक पिढ्या एकाच चरित्रावर पोसल्या गेल्या. या पुस्तकाचे यश त्याच्या कथनात आहे. प्रतापगडची भेट, लाल महालातील छापा, पावनखिंड, आग्र्याहून सुटका हे प्रसंग मुळातच नाट्यमय असल्याने शिक्षकाला ते वर्गात 'करून दाखवावे' असे वाटणे स्वाभाविक आहे. अध्यापक विद्यालयांतील पुस्तकांत 'नाट्यीकरण पद्धती' या नावाने तिची शिफारसही झाली आहे.

प्रश्न आहे तो या नाट्यीकरणातून इतिहास शिकवला जातो की शिकून झालेल्या इतिहासाचा सोहळा होतो, हा. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार करणे अनेक दृष्टींनी उपयुक्त ठरते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण व आदिवासी भाग मुख्यत्वे या दोन तालुक्यांत उरला. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी अशी येथील वस्ती आहे. दोन शिक्षकांची शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत आणि पहिली-दुसरी दुसऱ्या खोलीत, हे येथील पाड्यांवरचे नित्याचे चित्र. याच दोन तालुक्यांत माहुलीचा किल्ला, नाणेघाटाची कोकणाकडील वाट, सिद्धगड आणि मुंबईला पाणी पुरवणारी धरणे आहेत. शाळेच्या खिडकीतून दिसणारा इतिहास आणि शाळेच्या रंगमंचावर दिसणारा इतिहास यांची गाठ क्वचितच पडते.

रूढ नाट्यीकरणाचे स्वरूप

ग्रामीण प्राथमिक शाळेत ऐतिहासिक नाट्यप्रवेश होतो तो प्रायः १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीला किंवा वार्षिक स्नेहसंमेलनात. संहिता शिक्षकाने लिहिलेली असते अथवा बाजारात मिळणाऱ्या शालेय एकांकिकांच्या पुस्तिकेतून घेतलेली असते. ज्याचे उच्चार 'शुद्ध', आवाज खणखणीत आणि ज्याच्या घरून पोशाखाचे भाडे येऊ शकते त्या मुलाकडे महाराजांची भूमिका जाते. बाकीची मुले मावळे. मावळा म्हणजे डोक्याला फेटा, हातात पुठ्ठ्याची तलवार आणि तोंडी एक घोषणा. ज्या पाठ्यपुस्तकाने स्वराज्य हे साध्या कष्टकरी माणसांच्या साथीने उभे राहिले असे आग्रहाने सांगितले, त्याच पुस्तकाच्या नाट्यरूपात ती माणसे नेपथ्याचा भाग होऊन बसतात.

संवादांची भाषा हा याहून अधिक गंभीर मुद्दा होय. दरबारी मराठी, 'आज्ञा असावी', 'जशी मर्जी' या वळणाची वाक्ये, ही ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पाठ करावी लागतात. पाठ केलेले वाक्य बोलताना त्याचे सगळे लक्ष पुढचा शब्द विसरू नये याकडे असते. बोलणाऱ्याने असे का म्हटले असेल हा विचार करायला तेथे जागाच उरत नाही. मुलाची स्वतःची बोली नाटकात आलीच तर ती पहारेकऱ्याच्या किंवा खेडुताच्या तोंडी, हशा पिकवण्यासाठी येते. आपण बोलतो तशी भाषा इतिहासात फक्त विनोदी पात्रेच बोलतात, असा एक न लिहिलेला पाठ मूल त्यातून शिकून जाते.

शत्रूपक्षाची वेशभूषाही अशीच ठरलेली असते. हिरवे वस्त्र, डोळ्यांत काजळ, गडगडाटी हास्य. वर्गात एखादा मुस्लीम विद्यार्थी असेल तर ती भूमिका कोणाला द्यायची, हा प्रश्न बहुधा शिक्षकाच्या मनात येत नाही; आलाच तर तो अवघडून सोडून दिला जातो.

या रीतीची मुळे मराठी रंगभूमीच्या परंपरेत शोधता येतात. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ चे. तेथपासून ऐतिहासिक नाटक म्हणजे वक्तृत्व ही समजूत रुजली आणि शालेय नाट्यप्रवेशाने ती वारशाने घेतली. प्रौढांची रंगभूमी मात्र तेथे थांबली नाही. १९६२ मधील वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकाने राजघराण्यातील ताण, संशय आणि दुःख यांना रंगमंचावर आणले. प्रौढ प्रेक्षकाला ऐतिहासिक व्यक्तीच्या मनातील द्वंद्व दाखवता येते, मग नऊ वर्षांच्या मुलाला का दाखवता येऊ नये, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. पुढे १९८५ पासून बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' या महानाट्याने हत्ती, घोडे आणि शेकडो कलाकारांचे जे भव्य रूप उभे केले, त्याचा ठसा खेड्यातील संमेलनांवरही उमटला. ध्वनिमुद्रित संवाद लावून मुलांनी केवळ हातवारे करावेत, ही पद्धत त्याच अनुकरणातून रुळली असावी. महानाट्याला प्रेक्षकांचा दिपून जाण्याचा अनुभव हवा असतो, वर्गाला तो नको असतो. दोघांची गरज निराळी आहे एवढेच येथे म्हणायचे आहे.

या सर्वांत एक बाब दिसायला किरकोळ, पण परिणामाने मोठी आहे. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बळ आदिम समूहांपैकी एक होय. स्नेहसंमेलने होतात डिसेंबर ते फेब्रुवारीत, शिवजयंती फेब्रुवारीत. म्हणजे ज्या काळात शाळेत इतिहास रंगमंचावर येतो, नेमक्या त्याच काळात वर्गातील ही मुले भट्टीवर असतात. पात्रयोजनेत त्यांना वगळावे लागत नाही. ती आपोआप वगळली जातात.

पुनःप्रत्यय म्हणजे काय

आर. जी. कॉलिंगवूड या इंग्लिश तत्त्ववेत्त्याने आपल्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' (१९४६) या मरणोत्तर प्रकाशित ग्रंथात इतिहास म्हणजे भूतकाळातील विचाराची इतिहासकाराच्या मनात झालेली पुनर्रचना, असे प्रतिपादन केले. घटनेची बाह्य बाजू, म्हणजे कोण कोठे गेला व कोणी कोणास मारले, ही पुन्हा घडवता येत नाही आणि घडवण्याचे कारणही नाही. पुन्हा जगता येतो तो विचार : त्या क्षणी त्या माणसापुढे कोणते पर्याय होते आणि त्याने हाच का निवडला. कॉलिंगवूडच्या या मताला मर्यादा आहेत. दुष्काळ, रोगराई, भाताचा भाव यांना विचार नसतो, आणि खेड्यातील माणसांचा इतिहास बराचसा त्यांनीच घडवलेला असतो. परंतु वर्गनाट्याचे मूल्यमापन करण्यासाठी त्याचा निकष अतिशय उपयोगी आहे. रूढ नाट्यीकरण घटनेची बाह्य बाजूच तेवढी पुन्हा घडवते. शेवट सर्वांना ठाऊक असतो, वाक्ये ठरलेली असतात, आणि निर्णयाचा क्षण दोन वाक्यांच्या मधल्या टाळ्यांत बुडून जातो.

डोरोथी हीथकोट (१९२६-२०११) या ब्रिटिश नाट्यशिक्षिकेची रीत नेमकी उलट होती. प्रेक्षक नाहीत, पाठांतर नाही. शिक्षिका स्वतः एखादी भूमिका घेऊन मुलांमध्ये शिरत असे आणि पेच उभा राहिला की खेळ थांबवून 'आता काय करायचे?' असे विचारत असे. हे तंत्र परदेशी म्हणून दूर सारण्याचे कारण नाही, कारण त्याचे नातेवाईक आपल्या जवळपासच आहेत. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या शिक्षणकथेतील शिक्षक चौथीच्याच वर्गावर प्रयोग करतो. तो गोष्टी सांगतो, वर्गात पुस्तके आणून ठेवतो आणि मुलांना पाठांतरावाचून नाटके करू देतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मुलांमध्ये रुजले. शहापूरला लागून असलेल्या वाडा तालुक्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली 'क्वेस्ट' ही संस्था आहे. अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकाराने तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात प्रशिक्षित कलावंत आश्रमशाळांत व जिल्हा परिषद शाळांत बालसाहित्यातील गोष्टी नाट्यरूपाने सादर करतात. नाटक पाहून मूल पुस्तकाकडे वळावे, हा त्यामागील हेतू.

'गोष्टरंग'चे साहित्य कल्पित गोष्टींचे आहे. ही जोडणी इतिहासाला लावताना एक वेगळी अडचण उभी राहते. गोष्टीचा शेवट बदलता येतो, मूल तो बदलते आणि त्याने तो बदलावा असेच आपल्याला वाटते. इतिहासाचा शेवट बदलता येत नाही. म्हणून इतिहासाच्या वर्गनाट्यात नाटकाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वाचन असावे लागते : आधी पेच समजण्यासाठी, नंतर आपण खेळलेले व घडलेले यांतील अंतर पाहण्यासाठी. वाचनाविना केलेले नाट्य मुलाला सहानुभूती देते. पण ती सहानुभूती खऱ्या माणसांविषयी आहे की शिक्षकाने रचलेल्या माणसांविषयी, हे मुलाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

वाचनाची स्थिती

इतिहासाचे पुस्तक वर्गात वाचले जाते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. एक चांगला वाचणारा विद्यार्थी उभा राहून परिच्छेद मोठ्याने वाचतो, शिक्षक स्पष्टीकरण देतात आणि अखेरीस स्वाध्यायातील रिकाम्या जागा भरल्या जातात. प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र (२०१५) आणि त्यानंतरचे निपुण भारत (२०२१) या कार्यक्रमांनी वाचनाला शासकीय महत्त्व दिले ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु तेथे वाचन म्हणजे भाषेच्या तासाचे कौशल्य, आणि मोजणी होते ती अक्षर, शब्द, परिच्छेद या पायऱ्यांची. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजरा होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनी मुले गोष्टींची पुस्तके हाती घेतात. इतिहासाचे वाचन या दोन्हींत कोठेच बसत नाही. 'हे कोणी सांगितले?', 'त्याला कसे कळले?' हे प्रश्न विचारत केलेले वाचन चौथीच्या मुलाला झेपणार नाही अशी एक ठाम समजूत आहे. गावात दोन भाऊबंदांच्या बांधाच्या भांडणात कोण खरे बोलतो हे ताडणाऱ्या मुलाविषयी ही समजूत बाळगली जाते, हे नवलच म्हणायचे.

माहुली : पेचाचे नाट्य

आसनगाव स्थानकावरून दिसणारा माहुलीचा डोंगर शहापूरच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला. १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातील एका अल्पवयीन मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. १६३६ मध्ये शाहजहान दक्षिणेत उतरला, त्याने आदिलशाहीशी तह केला आणि मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजा शहाजीराजांच्या मागे लागल्या. माहुलीला वेढा पडला. अखेरीस किल्ला सोडावा लागला, बालनिजामशहा मोगलांच्या स्वाधीन झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. जिजाबाई व सहा वर्षांचे शिवराय या काळात माहुलीवर होते असे परंपरा सांगते.

शालेय कथनात हा प्रसंग आला तर तो पराभवाची एक ओळ म्हणून येतो, आणि रंगमंचावर तर येतच नाही. कारण त्यात विजय नाही. वर्गनाट्याच्या दृष्टीने मात्र यासारखा प्रसंग विरळा. गडावरचे धान्य संपत आले आहे, खाली दोन फौजा आहेत आणि आपल्या आश्रयाला एक परका मुलगा आहे. त्याला सोपवले तर गडावरचे सगळे वाचतील. कोठीवाला काय म्हणेल? पाणी भरणारी बाई? स्वतःचे मूल कडेवर असलेली आई? येथे महाराजांची भूमिका कोणालाच द्यावी लागत नाही. वीस मुलांचा वर्ग असेल तर वीसही मुले गडकरी होतात आणि आपापल्या बोलीत बोलतात. शिक्षकाने फक्त वेढ्याचा निरोप घेऊन येणाऱ्या जासुदाची भूमिका घ्यावी. निर्णय झाल्यावर पुस्तकाकडे वळायचे, आणि फळ्यावर दोन रकाने पाडायचे : 'कागद सांगतो' आणि 'लोक सांगतात'. शिवराय माहुलीवर असल्याची गोष्ट कोणत्या रकान्यात टाकायची यावर वर्गात वाद झाला, तर त्या दिवशीचा इतिहासाचा तास सार्थकी लागला असे समजावे.

याच किल्ल्याचा दुसरा अध्याय वेशभूषेच्या संकेताला छेद देतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत माहुली होता. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. गड राखणारा मोगल किल्लेदार होता मनोहरदास गौड, म्हणजे एक राजपूत. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी किल्ला जिंकला. हिरव्या वस्त्रातील शत्रू आणि भगव्या वस्त्रातील मित्र ही विभागणी येथे टिकत नाही. आणि १६३६ च्या वेढ्यात तर शहाजीराजे एका मुसलमान बालराजासाठी एका मुसलमान बादशहाशी लढत होते. मुलांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. भूमिका वाटताना त्यांनाच ते उमगते, कारण कोणत्या रंगाचे कापड कोणाला द्यायचे हे ठरवताच येत नाही.

नाणेघाट : नुसते पाय

मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे गाव लागते. तेथून नाणेघाटाची जुनी वाट चढते. कल्याण-सोपारा या बंदरांतील माल या वाटेने जुन्नरकडे जाई. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो सामान्यतः इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांच्या संख्या त्यात कोरलेल्या आहेत. याच लेण्यात सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांचे पाय व वरती कोरलेली नावे एवढेच अवशेष दिसतात.

पायांवरून माणूस उभा करणे ही नाट्यकृती आहे आणि इतिहासकृतीही. वर्गात सात मुलांनी सात नावांच्या चिठ्ठ्या घेऊन उभे राहावे आणि उरलेल्यांनी ठरवावे की कोण कोठे पाहत असेल, हात कसे असतील, अंगावर काय असेल. आणि प्रत्येक उत्तरानंतर 'कशावरून?' हा प्रश्न यावा. काही उत्तरे लेण्यातून मिळतील, बरीचशी मिळणार नाहीत. जे मिळत नाही ते न मिळालेलेच राहू द्यावे, हे मुलांना शिकवण्यासाठी नाणेघाटाइतके सोपे ठिकाण सापडणे कठीण.

यापुढची पायरी म्हणजे लेखात जे नाही ते वाचणे. त्यात राणी आहे, यज्ञ आहेत, दानाचे आकडे आहेत. घाट चढवून माल नेणारा बैल हाकणारा माणूस त्यात नाही. म्हशाच्या यात्रेत बैलबाजार पाहिलेले मुरबाडचे मूल बैलाला चढावर किती विसावे लागतात हे शिक्षकापेक्षा अधिक जाणते. त्याने दगडी रांजणापाशी जकात देणाऱ्याची नाट्यछटा सादर करावी. एकच पात्र बोलते आणि समोरचे गृहीत धरले जाते, हा दिवाकरांनी मराठीत रुळवलेला प्रकार दोन शिक्षकी शाळेला फार सोयीचा आहे. त्याला ना पोशाख लागतो ना दुसरे पात्र. मात्र हा जकातदार व हा बैलवाला आपण कल्पिला आहे, रांजण जकातीचा होता हे परंपरा सांगते आणि राणीचा लेख कोरलेला आहे, ही तीन वेगवेगळी वजने मुलांना उचलून पाहू द्यावीत.

सिद्धगड आणि पाण्याखालची गावे

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, अर्थात भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा त्यांनी काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर अभिवादनासाठी लोक जमतात.

या प्रसंगाचे नाट्यरूप सहसा गोळ्यांच्या आवाजाने सुरू होते आणि घोषणांनी संपते. त्यामुळे धान्यकोठी काढणारा वकील मनोरे पाडण्यापर्यंत कसा आला, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाचायची राहून जाते. मुलांनी खेळावा असा प्रसंग चकमकीचा नव्हे. रात्री दार वाजते, बाहेर चार भुकेली माणसे आहेत, त्यांना भाकरी दिली तर सकाळी पोलीस दाराशी येतील. या घरातील माणसांनी काय करावे? दार न उघडणाऱ्याला भित्रा ठरवण्याची घाई शिक्षकाने करू नये. त्याच्याही घरात मुले होती. मनोरे पाडणे योग्य होते का, यावरही वर्गात दोन मते पडू शकतात आणि पडू द्यावीत. हुतात्म्याविषयीचा आदर त्याने कमी होत नाही. त्याने काय पणाला लावले हे कळल्यावर तो वाढण्याचीच शक्यता अधिक.

मुंबईची वीज तोडली गेली ती याच मुलखातून, आणि मुंबईचे पाणी जाते तेही येथूनच. तानसा धरण १८९२ चे. भातसा त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी आले. शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतात आणि शेजारून जलवाहिनी मुंबईकडे जाते, हे दृश्य मुलांना पुस्तकातून शिकवावे लागत नाही. धरणासाठी उठलेल्या गावांतील माणसे अद्याप हयात आहेत. त्यांच्याकडून ऐकणे, ऐकलेले स्वतःच्या शब्दांत लिहिणे, लिहिलेले एकमेकांना वाचून दाखवणे आणि मग निघण्याच्या आदल्या रात्रीचा प्रवेश करणे, हा क्रम चौथीच्या वर्गाला पूर्णपणे आवाक्यातील आहे. येथे वाचनाचे पुस्तक मुलांनीच तयार केलेले असते. अट एवढीच की आजीचे दुःख नाटकासाठी वापरून घेतले असे आजीला वाटता कामा नये. प्रवेश करण्यापूर्वी तो तिला वाचून दाखवावा आणि तिने नको म्हटलेली वाक्ये गाळावीत. स्रोताशी प्रामाणिक राहणे म्हणजे काय, हे याहून स्वच्छ कोठे शिकवता येईल?

काही आक्षेप

या पद्धतीवर पहिला आक्षेप वेळेचा. तिसरी-चौथी एकत्र, शाळाबाह्य कामे वेगळी, तपासणीला पाठ टाचण हवे. आक्षेप खरा आहे. परंतु पोशाख, तालमी आणि मांडव यांत जाणारा संमेलनाचा काळ लक्षात घेतला, तर चाळीस मिनिटांचा पोशाखाविना केलेला प्रवेश महाग म्हणता येणार नाही. आणि एकत्र वर्ग हा येथे अडथळा ठरत नाही, कारण तिसरीची मुलेही गडकरी होऊ शकतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मुलांना संशय घ्यायला शिकवले तर शिवचरित्रातून मिळणारी प्रेरणा ओसरेल, असे अनेक शिक्षकांना व पालकांना मनापासून वाटते. या भीतीची टिंगल करू नये. पाड्यावरील मुलाला धीर देणाऱ्या गोष्टी आधीच थोड्या आहेत. तरीही असे म्हणावे लागते की ज्या मुलाने माहुलीच्या वेढ्यात कोणीच धड मार्ग काढू शकला नाही हे खेळून पाहिले, त्याला त्या वेढ्यानंतर वाढलेल्या मुलाने पुढे काय केले याचे मोल पाठांतर केलेल्या मुलापेक्षा अधिक कळेल. वर्गनाट्य चुकीच्या समजुतीही घट्ट करू शकते, हा तिसरा आक्षेप. खेळलेली गोष्ट वाचलेल्या गोष्टीपेक्षा अधिक काळ लक्षात राहते, म्हणून शिक्षकाने रचलेली चूकही अधिक काळ राहील. यावर नाटकानंतरच्या वाचनावाचून दुसरा उपाय दिसत नाही, आणि ते वाचन नेमके घंटा झाली म्हणून राहून जाते.

राहता राहिला वेळापत्रकाचा मुद्दा. सिद्धगडाचा प्रवेश २ जानेवारीला करायचा तर वर्गातील कातकरी मुले तेव्हा भट्टीवर असतील. ९ ऑगस्टला क्रांतिदिन असतो, आणि जागतिक आदिवासी दिनही. भाताची आवणी तोवर बहुतेक उरकलेली असते, कुटुंबे पाड्यावर असतात आणि हजेरीपट त्यातल्या त्यात भरलेला असतो. दार वाजवणाऱ्याची, दार उघडणाऱ्याची आणि न उघडणाऱ्याची भूमिका करायला त्या दिवशी वर्गात सगळी मुले असतात.